शून्यसाहेबांच्या गिटारची घरघर

रविवारी सकाळी दहा वाजता जेवणाच्या टेबलावर एकूण आठ वस्तू होत्या. एक इलेक्ट्रिक गिटार, एक मोबाइल, मोबाइलचा चार्जर, चार्जरची वायर, गिटारची तीन मीटर लांब केबल, ती केबल मोबाइलला लावायचा अंगठ्याएवढा जोड, एक हेडफोन आणि एक शंभर पानी वही. नववी वस्तू म्हणजे अर्धा कप चहा, पण तो प्रयोगाचा भाग नसल्यामुळे वहीत त्याची नोंद झाली नाही.

नोंद करणारे गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सव्वीस वर्षं बाजारातले तराजू आणि काटे तपासत आले होते. दुकानात पाऊल टाकलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे : "आधी शून्य दाखवा." म्हणजे काट्यावर काही नसताना आकडाही काही नसला पाहिजे. रिकाम्या काट्यावर पाच ग्रॅम दिसले की साहेबांच्या चेहऱ्यावर असं दुःख पसरायचं, की दुकानदाराला वाटावं यांच्या घरचंच कुणी गेलं. यावरून सगळा बाजार त्यांना शून्यसाहेब म्हणत असे. तोंडावर नव्हे, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या अंतरावर. आणि खरं सांगायचं तर साहेबांना ते नाव मनातून आवडत होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. साहेबांनी गिटार मोबाइलला जोडली, हेडफोन कानाला लावला आणि गिटारला बोटही न लावता त्यांच्या कानात घर्रर्र असा आवाज सुरू झाला. बंद दाराआड मिक्सर चालावा तसा. वाजवलं नाही तरी आवाज. रिकाम्या काट्यावर वजन! सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या दुकानात पकडलेला गुन्हा आज स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर चालला होता.

हे सगळं कशासाठी, तर मुलीसाठी. मुलगी दुसऱ्या गावी ध्वनिमुद्रण शिकत होती. दोन वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा साहेबांनी तिला एकच प्रश्न विचारला होता : "पण याचा उपयोग काय?" प्रश्न निव्वळ माहितीसाठी होता असं ते आजही शपथेवर सांगतात. मुलीने तो तसा घेतला नाही. तेव्हापासून फोन यायचा तो आईला, आणि "बाबा बरा आहे ना?" "बरा आहे" एवढ्यात बाबांचा विषय मिटायचा. आणि शनिवारी अचानक थेट बाबांच्याच मोबाइलवर निरोप आला :

"बाबा, बुटांची धून वाजवून पाठवशील? शेवटच्या परीक्षेसाठी मी जे बसवतेय त्यात हवी आहे. पुढच्या शनिवारी पाच वाजेपर्यंत. घरी केलेल्या ध्वनिमुद्रणाला एकच नियम : वाजवत नसतानाचा आवाज वजा साठच्या खाली पाहिजे, नाहीतर परत येतं. जमणार नसेल तर सांग, मी दुसरं काही बघते."

बुटांची धून साहेबांनी स्वतः रचलेली. मुलगी पहिलीत असताना बुटांची नाडी बांधायला रोज इतका वेळ लावायची की शाळेची बस तिच्याविना जायची. साहेबांनी बावन्न सेकंदांची एक धून बसवली. धून संपायच्या आत दोन्ही बूट तयार. दुसरा बूट अडलाच, तर साहेब शेवटची ओळ आणखी एकदा वाजवायचे. याची मात्र कुठेही नोंद नाही.

तर वजा साठ. डेसिबलची ही मोजणी उलटी असते. आवाज जितका कमी, तितका वजाच्या पुढचा आकडा मोठा. मोजणारं ॲप मोबाइलमध्ये होतं. साहेबांनी घरघर मोजली. वजा एकोणतीस.

"दुसरं काही बघते," हे शब्द त्यांना त्या आकड्यापेक्षा जास्त टोचत होते.

"गिटारला घरघर लागलीय का हो?" स्वयंपाकघरातून पत्नीने विचारलं. त्या डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचा नंबर काढायचं काम करत. रविवार हा त्यांचा एकमेव पूर्ण सुट्टीचा दिवस, आणि त्यात आपण काय काय करायचं नाही हे त्यांचं पक्कं ठरलेलं असे. गिटार त्या यादीत होती.

"घरघर नाही. शून्यदोष आहे," साहेब म्हणाले, आणि कामाला लागले.

गिटारवर आवाजाचं एक बटण होतं, शून्यापासून दहापर्यंत. मोबाइलमध्येही आवाज आत घ्यायची एक पट्टी होती. साहेबांनी विचार केला : तराजूचा काटा मध्यावर आला तरच तराजू खरा. म्हणून गिटारचं बटण त्यांनी बरोबर पाचावर ठेवलं. त्यामुळे सूर बारीक झाला, म्हणून मोबाइलची पट्टी शेवटपर्यंत वर नेली. आणि आता हे बटण प्रयोग संपेपर्यंत कुणी हलवू नये, म्हणून त्यांनी त्याला मोहोर केली. तांब्याची बारीक तार, शिशाची गोळी आणि पकडीचा एक दाब. गोळी खात्याची नव्हती, हे इथे स्पष्ट केलेलं बरं. प्रशिक्षणाच्या काळात सरावासाठी मिळालेल्या डबीतली ती होती. तशी नोंद वहीत आहे.

"घरात आपण दोघं," पत्नी म्हणाल्या. "बटण हलवणार कोण? मी?"

"मोहोर संशयावरून करत नाहीत. पद्धत म्हणून करतात."

"बरं."

त्यांच्या या 'बरं'चा अर्थ लावण्यात साहेबांची बावीस वर्षं गेली होती.

सोमवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे टेलिफोनकाका खाली आले. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते, आणि पृथ्वीवरचा प्रत्येक बिघाड हा मुळात टेलिफोनचाच बिघाड असतो असं त्यांचं मत होतं. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, आणि जुना मित्र भेटावा तसे हसले.

"ओळखीचा आवाज आहे. आता तारांवर हात ठेवा बघू."

साहेबांनी हात ठेवला. घरघर बरीच कमी झाली. हात काढला. पुन्हा आली.

"झालं!" काका म्हणाले. "गिटारला अर्थिंग नाही, साहेब. हात लावलात की तुम्हीच अर्थिंग. तुमच्या अंगातून सगळी घाण जमिनीत जाते."

"माझ्या अंगातून?"

"एकदम साधा उपाय. पायाला तार बांधायची आणि तिचं दुसरं टोक नळाला. नळ म्हणजे थेट जमीन. आम्ही खांबावर चढून असंच करायचो."

खांबावर नळ कुठून आला, हे विचारायचं साहेबांना त्या क्षणी सुचलं नाही. माणूस अडचणीत असला की त्याला तपशील सुचत नाहीत, उपाय तेवढे ऐकू येतात. पुढच्या दहा मिनिटांत साहेब स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते, मांडीवर गिटार, डाव्या घोट्याला तांब्याची तार, आणि तारेचं दुसरं टोक भांडी घासायच्या नळाला सहा वेढे देऊन बांधलेलं.

आणि त्याच वेळी सामानाची पिशवी घेऊन कोपऱ्यावरचा वाणी आला. हा तोच वाणी, ज्याचा काटा साहेबांनी मागच्याच महिन्यात तीन ग्रॅमसाठी नापास केला होता. दार काकांनी उघडलं. वाणी पिशवी ठेवायला स्वयंपाकघरात शिरला, साहेबांकडे बघितलं, तारेकडे बघितलं, तारेच्या मागोमाग नळाकडे बघितलं.

"साहेब," तो अतिशय हळू आवाजात म्हणाला, "वहिनींनी बांधलंय का?"

"हा एक प्रयोग आहे."

"हो हो. प्रयोगच." त्याने साखर ओट्यावर ठेवली. "आमच्या घरी पण होतात."

मंगळवारी सकाळी साहेब कामावर निघाले तेव्हा सगळी गल्ली त्यांच्या डाव्या घोट्याकडे बघत होती. चांभाराने नमस्कार केला तोही घोट्याकडे बघून.

बरं, एवढं होऊन घरघर गेली का? नाही. सोमवारी रात्रीच पत्नी कामावरून आल्या, त्यांनी नळाच्या पाइपवर नखाने टकटक केलं आणि विचारलं, "हे सहा वर्षांपूर्वी बदलले, तेव्हा कसले बसवले?"

प्लॅस्टिकचे. काकांनी साहेबांना प्लॅस्टिकला बांधलं होतं. आणि तार सोडता सोडता पत्नींनी स्वच्छ सांगितलं, की विजेच्या कुठल्याही वस्तूच्या पायी या घरात माणसाला तार बांधलेली पुन्हा दिसली, तर गिटार खिडकीतून अर्थ होईल.

काका खचले नाहीत. त्यांनी खिशातून टेस्टर काढला, भिंतीवरचे सगळे बोर्ड तपासले, आणि शोकसभेत शोभेल अशा आवाजात जाहीर केलं, "साहेब, तुमच्या घरात तिसरं भोक मेलेलं आहे."

बोर्डावर तीन भोकं असतात. दोन विजेची, तिसरं अर्थिंगचं. ते तिसरं साहेबांकडे मेलेलं, काकांकडे मेलेलं, आणि तळमजल्यावरच्या शिवणकाकूंकडेही मेलेलं. "तरीच!" शिवणकाकू म्हणाल्या. "माझं मशीन वर्षभर चावतंय. मला वाटलं वय झालं. माझं." म्हणजे सगळ्या इमारतीचंच अर्थिंग कुठेतरी सुटलेलं. अर्ज करणं भाग होतं, आणि अर्ज ही गोष्ट साहेबांच्या हातचा मळ. त्यांना उगीचच हायसं वाटलं.

बुधवारी ते अर्धी रजा टाकून वीज कार्यालयात गेले. खिडकी क्रमांक चार. आतल्या कारकुनाने अर्ज वाचला.

"उपकरणाचा प्रकार : इतर, तंतुवाद्य." तो थांबला. "तंतुवाद्याला वीज लागते?"

"या तंतुवाद्याला लागते."

"मग ते उपकरण झालं. किती अश्वशक्तीचं?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांखालच्या सूर पकडणाऱ्या भागात, निर्माण होणारी शक्ती त्यांनी मनातल्या मनात मोजली, दशांश चिन्हानंतर बरीच शून्यं आली. "शून्य धरा."

"शून्य अश्वशक्तीचं उपकरण आमच्याकडे नोंदवता येत नाही."

"तक्रार उपकरणाची नाही. इमारतीच्या अर्थिंगची आहे."

"मग उपकरण लिहिलंत कशाला?"

"रकाना होता म्हणून."

कारकुनाने साहेबांकडे नीट पाहिलं. रकाना होता म्हणून तो भरणारा माणूस त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटत होता. मग त्याने अर्ज उलटा करून परत सरकवला. "तारीख राहिलीय. आणि दुसरी प्रत नाही."

इथे इतर कुणी असता तर भांडला असता. साहेबांनी अर्ज बघितला. तारीख खरोखरच राहिली होती. त्यांचे कान लाल झाले. सव्वीस वर्षांत त्यांनी स्वतः असे किती अर्ज परत केले होते! "अगदी बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "मीही घेतला नसता." भांडायच्या तयारीने पुढे झुकलेला कारकून तसाच झुकलेला राहिला. साहेब झेरॉक्स काढून परत आले तेव्हा त्याने रांगेतल्या दोघांना थांबवून त्यांचा अर्ज आत घेतला, शिक्का मारला आणि म्हणाला, "उद्या दुपारी माणूस पाठवतो. नोकरीत पहिल्यांदा कुणी बरोबर म्हणालं हो."

गुरुवारी वायरमन आला. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत त्याला सुटलेली जाडजूड वायर सापडली. रंगकाम करणाऱ्यांनी कधीतरी शिडी लावताना तिचा बोल्ट काढला होता, आणि परत लावायचं त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. वीस मिनिटांत त्याने ती घट्ट केली. आठ घरांतले आठ फ्रिज आणि एक शिलाई मशीन त्या क्षणापासून चावायची थांबली. शिवणकाकू मशीनवर तळहात ठेवून बघत राहिल्या, आणि मग वायरमनला आणि साहेबांना एकेक लाडू देऊन गेल्या. साहेबांची छाती फुगली. त्यांनी वायरमनला मोठ्या मानाने घरात आणलं.

"आता बघा," असं म्हणून त्यांनी मोबाइल चार्जरला लावला, गिटार मोबाइलला लावली आणि हेडफोन वायरमनच्या डोक्यावर ठेवला.

वायरमनने ऐकलं. "घरघर येतेय."

"येतेय?"

वायरमनने चार्जर बोर्डातून काढून तळहातावर घेतला आणि साहेबांसमोर धरला. चार्जरला पिना दोन होत्या. दोनच. तिसऱ्या भोकात जाईल असं त्याला काहीच नव्हतं, कधीच नव्हतं. रविवारी सकाळी टेबलावरच्या वस्तू मोजताना साहेबांनी चार्जर 'एक' असा मोजला होता. त्याच्या पिना मोजल्या नव्हत्या.

"तुमचं यंत्र अर्थिंगपर्यंत पोचतच नाही," वायरमन म्हणाला. त्याच्या आवाजात दया होती, आणि तीच जास्त लागली. तो हेडफोन काढायला गेला आणि थांबला. "आता कमी झाली की हो!"

चार्जर त्याच्या हातात होता ना. म्हणजे निम्मी घरघर त्या चार्जरचीच होती. मोबाइल नुसत्या बॅटरीवर चालवला तर आकडा आला वजा एकोणचाळीस. अर्धी रजा, दोन प्रती, एक शिक्का आणि इमारतीचं अर्थिंग यांनी न झालेलं काम चार्जर उपटल्याने झालं होतं. साहेबांनी हे वहीत लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा जरा लहान आहे.

वजा एकोणचाळीस म्हणजे अजून एकवीस कमी. हातात उरले दोन दिवस.

शुक्रवारी सल्ला द्यायची पाळी शिवणकाकूंची होती. त्यांचं आता साहेबांवर ऋण होतं, आणि ते त्यांनी लगेच फेडायला घेतलं. "डब्यात पोळ्या गुंडाळायचा तो चंदेरी कागद असतो ना, तो लावा. भाचा सांगत होता, त्यातून लहरी आत जात नाहीत." हे शास्त्राला धरून होतं, म्हणून साहेबांनी ऐकलं. कामावरून आल्यावर त्यांनी पाऊण तास खपून गिटार चंदेरी कागदात नखशिखांत गुंडाळली. फक्त तारा आणि ती मोहोर उघडी ठेवली. गिटार एखाद्या राक्षसाच्या डब्यासारखी दिसू लागली. केबल लावली. ॲप बघितलं.

वजा एक्क्याण्णव.

साहेबांनी पुन्हा बघितलं. वजा एक्क्याण्णव! हे नियमाच्या किती पलीकडे होतं! ते खुर्चीतून उठले, गॅलरीत जाऊन आले, दोनदा घसा खाकरला, आणि मुलीला निरोप लिहायला घेतला : "जमलं आहे. अपेक्षेपेक्षा..."

"वाजवून बघितलंत?" पत्नींनी विचारलं.

साहेबांनी वाजवलं. वजा एक्क्याण्णव. जोरात वाजवलं. वजा एक्क्याण्णव. सहाही तारांवरून हात फिरवला. आकडा ढिम्म हलला नाही. कागदाचा एक कोपरा केबलच्या भोकात आत गेला होता, आणि त्याने घरघरीसकट गिटारचाही गळा दाबला होता.

"डोळे मिटून घेतले की कुणालाच नंबर लागत नाही," पत्नी म्हणाल्या आणि पोळ्या गुंडाळायला उरलेला कागद घेऊन गेल्या.

निरोप न पाठवता पुसला. पुसताना साहेबांचा अंगठा जरा वेळ तसाच पडद्यावर राहिला. त्याच्या खाली मुलीचं वाक्य होतं : जमणार नसेल तर सांग.

शनिवारी पत्नींचा दवाखाना दुपारपर्यंत होता. दोनच्या सुमारास त्या घरी आल्या तेव्हा साहेब गिटार मांडीवर घेऊन, काहीही न वाजवता, संगणकाच्या फिरत्या खुर्चीत बसले होते. समोर वही. वहीत शेवटची ओळ : 'उपाय शिल्लक : शून्य.' टेलिफोनकाका सोफ्यावर होते, आणि त्यांचा टेस्टर खिशातच होता, ही बाब चिंताजनक होती.

पत्नींनी पर्स ठेवली, हात धुतले. "तिला सांगितलंत का? नाही जमत म्हणून?"

"चार वाजता सांगतो."

पत्नींनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांची ती एक नजर असते. समोरचा पेशंट खालची ओळ वाचता येत नसताना पाठ म्हणतो, तेव्हाची. "उठू नका," त्या म्हणाल्या. "आकडा बघू नका. मोबाइल काकांकडे द्या. हेडफोन कानाला लावा आणि मी विचारते तेवढंच सांगा."

त्यांनी खुर्चीची पाठ धरली आणि साहेबांना गिटारसकट थोडं डावीकडे फिरवलं.

"हे बरं, की ते बरं?"

"तसा फारसा फरक..."

"फरक नका सांगू. हे, की ते?"

"हे."

आणखी थोडं. "आता हे, की आधीचं?"

"हे."

"आता?"

"आधीचं."

खुर्ची बोटभर मागे आली. साहेबांनी मान वर केली. पिकअप म्हणजे शेवटी तारेचं एक वेटोळं. भिंतीतल्या विजेची लहर त्यात कुठल्या बाजूने शिरते यावर सगळं असतं. हे त्यांनी कॉलेजात शिकलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, आणि सबंध आठवडाभर ते गिटार घेऊन एकाच दिशेला तोंड करून बसले होते. आता त्यांचं तोंड झाडू ठेवायच्या कपाटाकडे होतं, आणि कानातली घरघर जवळपास गेली होती.

"फ्रिज?" पत्नींनी विचारलं. "बंद, की चालू?"

"बंद बरा."

"ट्यूबलाइट?"

"बंद."

"पंखा? घाम आला तरी खरं सांगा."

"...बंद."

काकांनी आकडा वाचला. वजा बावन्न! काका उभेच राहिले. "वहिनी, तुम्ही टेलिफोन खात्यात हव्या होतात!"

"आता घरघर नाही," साहेब म्हणाले. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि आठवड्यात पहिल्यांदाच मोजायचं सोडून नुसतं ऐकत होते. "आता फुसफुस आहे. पाण्याचा नळ नीट बंद न केल्यासारखी. ही बाहेरून येत नाही. ही मोबाइलचीच आहे. पट्टी फार वर आहे म्हणून."

"मग खाली आणा."

"खाली आणली तर सूर ऐकूच येणार नाही. गिटारचं बटण पाचावर आहे."

"मग ते वर करा!"

पत्नी वाकल्या आणि बटणावरची शिशाची गोळी त्यांनी बोटाने हलवली. "अहो, ही?"

आता ज्याने कधी मोहोर केलेली नाही त्याला हे कळायचं नाही. सव्वीस वर्षांत साहेबांनी हजारो मोहोरा केल्या, आणि तोडल्या त्या सगळ्या दुसऱ्यांच्या चुकीसाठी. ही त्यांची स्वतःची मोहोर होती, आणि तिच्या आत त्यांची स्वतःची चूक सहा दिवस सुरक्षित ठेवलेली होती. काटा मध्यावर म्हणजे तराजू खरा, हे तराजूचं झालं. गिटार तराजू नव्हती.

"मोहोर तोडायची तर कारण लेखी लागतं," ते म्हणाले. "आणि साक्षीदार दोन."

"पावणेचार वाजलेत हो!"

"एक ओळ."

त्यांनी लिहिलं : 'मोहोर चुकीच्या जागी केली होती. करणारा : मी.' पत्नींनी न वाचता सही केली. काकांनी चष्मा मागवला. "मी वाचल्याशिवाय सही करत नाही," ते म्हणाले, आणि ती एक ओळ त्यांनी दोनदा वाचली, मग साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग सही केली. एवढ्यात चार वाजून चार मिनिटं झाली, आणि मोबाइलची बॅटरी अकरा टक्क्यांवर आली. चार्जर लावायची सोय नव्हती. लावला की निम्मी घरघर परत.

कट्. तार तुटली. बटण दहावर गेलं, मोबाइलची पट्टी निम्म्याच्याही खाली आली. कुणी आकडा विचारला नाही.

साहेबांनी वाजवायला घेतलं. पत्नी दाराशी पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या, काकांनी तोंडावर रुमाल धरला. गिटार केबलने जोडलेली असली की खोलीतला आवाज तिच्यात शिरत नाही. हे तिघांपैकी दोघांना नक्की माहीत होतं. तरीही कुणी मोठा श्वास घेतला नाही. अडतिसाव्या सेकंदाला दारावरची घंटा खणखणली आणि बाहेरून वाण्याचा आवाज आला, "साहेब, सुटलात का?" घंटा मोबाइलमध्ये गेली नाही, पण साहेबांचं बोट गेलं, भलत्याच तारेवर.

पत्नींनी दार उघडून वाण्याला काय सांगितलं ते कळलं नाही. तो जिन्यावरून चवड्यांवर उतरत गेला एवढं खरं.

दुसरी खेप. बॅटरी सात टक्के. साहेबांची बोटं ताठ झाली होती. पहिली ओळ जरा सरकारीच निघाली. मग त्यांनी कपाटाकडे बघायचं सोडलं आणि खाली बघितलं, जमिनीपासून वीतभर उंचीवर, जिथे कधीकाळी एक जोडी पाय नाडीशी झगडत असायचे. बोटं सैल झाली. शेवटची ओळ आली, संपली, आणि साहेबांनी ती आणखी एकदा वाजवली.

"हे कसं?" त्यांनी विचारलं.

"हे बरं," पत्नी म्हणाल्या.

मोजलं. वजा त्रेसष्ट. काकांनी दोनदा वाचून खात्री केली. पाठवायचं बटण दाबलं तेव्हा बॅटरी तीन टक्के होती. गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, दोन टक्के, आणि चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी मोबाइल विझला.

पोचलं की नाही?

चार्जर शोधण्यात सहा मिनिटं गेली. तो गुरुवारी वायरमनच्या हातून सरळ बुटांच्या कपाटावर गेला होता. लावल्यावर मोबाइल सुरू व्हायला तयार नव्हता. पाच वाजले. पंखा लावायचं कुणाला सुचलं नाही. काका म्हणाले, "जुन्या काळी पोच पावती यायची." पाच वाजून चौदा मिनिटांनी पत्नींच्या मोबाइलची घंटा वाजली.

"आई, बाबाला दे."

पत्नींनी फोन पुढे केला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. "वेळेत मिळालं?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

"मिळालं रे! सरांनी लावूनसुद्धा बघितलं. वर्गात घरी केलेली पाच ध्वनिमुद्रणं परत गेली, तुझं राहिलं. बाबा, वजा त्रेसष्ट! मोबाइलवर! कसं काय केलंस तू?"

साहेब खुर्चीत मागे टेकले. खुर्ची आपोआप थोडी फिरली. "मी नाही," ते म्हणाले. "तुझ्या आईने केलं. मी मोहोर करून बसलो होतो." आणि मग, घसा खाकरून : "ते पिकअपचं मला नीट सांग बघू. दिशा बदलली की कमी होतं, ते कळलं. पण वेटोळी दोन असली, एकाला एक उलटी, तर?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तर जवळजवळ जातंच," मुलगी म्हणाली. "थांब, वही घे. काढून दाखवायला पाहिजे, पण सांगते."

काका हळूच उठून गेले. पत्नींनी फ्रिज चालू केला, पंखा लावला, चहा टाकला, साहेबांच्या कोपराशी ठेवला, आणि बऱ्याच वेळाने तो तसाच उचलून नेऊन पुन्हा गरम केला. फोन ठेवला तेव्हा पडद्यावर बोलण्याची वेळ दिसत होती : अठ्ठावन्न मिनिटं, सतरा सेकंद.